बत्तीस कलांचे बिंब

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवतात, सूर्यासमोर ते उतू जाऊ देतात, आणि ते कोणत्या दिशेला सांडले यावरून घरातली वडीलधारी बाई वर्षाचा अंदाज बांधते. या विधीला उगवता सूर्य लागतो. आमच्या खडकमाळ गावी त्या वर्षी तो विधी सूर्यास्तानंतर झाला, आणि मी व्यासपीठावर शाल पांघरून बसलो होतो.

सूर्य टेकडीआड गेला. थोड्याच वेळात पश्चिमेच्या आकाशात एकामागून एक चाळीस तेजस्वी ठिपके वर सरकले आणि माळावर उजेड पसरला. ढगाळ दुपारी असतो तितका, पण कडेकडेने निळसर आणि ऊब नसलेला. झाडांवर बसलेले कावळे पुन्हा उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौरप्रकल्पाचे लोकसंपर्क व्यवस्थापक मकरंद घैसास ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "खडकमाळकरहो, आजपासून तुमच्या गावाला दोन सूर्य आहेत."

परातीएवढ्या सूर्यचुलीवर दुधाचे भांडे ठेवले होते. दहा मिनिटे झाली, दूध हलेना. तेव्हा झेंडूच्या माळांमागे हळूच एक गॅसची शेगडी सरकवण्यात आली आणि दूध उतू गेले. सरपंच दादासो खिलारे यांनी जाहीर केले, "पूर्वेला गेलं बघा. भरभराट हाय."

घैसास माझ्याकडे वाकले. "शास्त्रीजी, पूर्वेचे फळ शुभच ना?"

शेगडी पश्चिमेच्या अंगाला किंचित उचललेली होती, एवढे फळ मला स्वच्छ दिसत होते. मी म्हणालो, "शुभ."

मी या गावात चौतीस वर्षे संस्कृत आणि गणित शिकवले. तालुक्यातल्या पंचांगाचे गणित आजही माझ्याकडे येते; ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष मी हाताने काढतो. सूर्याविषयी माझ्या मनात जी भक्ती आहे ती भीतीपोटी नाही. ज्याचा हिशेब साठ वर्षे केला आणि ज्याने एकदाही खोटे पाडले नाही, त्याच्याविषयी माणसाला जे वाटते ते मला वाटते. म्हणून सौरऊर्जेला माझा विरोध कधीच नव्हता. उलट आमच्या गावाने तिचा स्वीकार फार सुज्ञपणे केला होता. छपरांवरच्या काळ्या नळ्यांत पाणी तापत असे. काळा रंग ऊन शोषून घेतो आणि भोवतालची निर्वात काच ती उष्णता परत जाऊ देत नाही, यापलीकडे त्यात काही गूढ नाही. बायका शेवग्याचा पाला आणि कांदा काचेच्या पेटीत वाळवीत. विहिरींवरचे पंप दिवसा आपोआप चालत आणि संध्याकाळी आपोआप थांबत.

वीज करण्याचा मार्ग याहून सूक्ष्म. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाशाचा कण येऊन आदळतो आणि आतला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठवतो. चकतीचे दोन थर असे सिद्ध केलेले असतात की उठलेल्या इलेक्ट्रॉनला एकाच बाजूने वाट मिळावी. त्या वाटेने तो तारेतून फिरून परत येतो. त्या फेरीलाच आपण वीज म्हणतो. चाक नाही, धूर नाही, आवाज नाही. पडलेल्या प्रकाशातला पाचवा-चौथा हिस्सा वीज होतो, उरलेला उष्णतेत जातो. मानवाने केलेल्या यंत्रांत इतके सभ्य यंत्र मला दुसरे माहीत नाही.

त्याची उणीव एकच, आणि ती यंत्राची नसून आपली आहे. विजेची हाव माणसाला सर्वांत अधिक सुटते ती दिवेलागणीला, आणि नेमका तेव्हा सूर्य जातो. दिवसाची वीज बॅटऱ्यांत साठवता येते, थोडी कमी वापरता येते. यांतले दुसरे कोणाला सुचले नाही, पहिले महाग वाटले. म्हणून तिसरे काढले. जमिनीपासून सहाशे किलोमीटरवर, जिथे आपला सूर्य मावळल्यावरही ऊन असते, तिथे केसाहून पातळ चंदेरी पापुद्र्याचे आरसे सोडले. प्रत्येक अडीचशे मीटर लांब, तितकाच रुंद. एक तांडा पुढे सरकला की दुसरा येतो. सकाळी सूर्योदयापूर्वी पाऊण तास, सायंकाळी सूर्यास्तानंतर पाऊण तास हे आरसे ऊन वळवून आमच्या माळावरच्या पॅनेलांवर टाकतात. चाळीस आरशांचे मिळून ऊन मध्यान्हीच्या दहाव्या हिश्श्याएवढे भरते. भाषणे मात्र पूर्ण तेजाने होतात.

त्याचे नाव मीच सुचवले होते, 'प्रतिसूर्य'. घैसासांना ते फार आवडले. जुन्या संहितांमध्ये प्रतिसूर्य दिसणे हा उत्पात, म्हणजे अरिष्टाचे चिन्ह, मानला आहे, हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. मी मनात हसलो आणि आपण त्यांच्यावर मात केली असे समजलो. अशा मातीमोल विजयांवर मी आयुष्यभर पोसलेला माणूस आहे.

खरी गोष्ट त्याआधी दोन महिन्यांची. ग्रामसभा ना-हरकत देईना, म्हणून घैसास माझ्या घरी आले. चपला दारात काढून त्यांनी माझ्या पायांना हात लावला, माझ्या ग्रहणगणिताची वही मागून घेतली, पाने उलटीत "अद्भुत" असे चार वेळा म्हणाले आणि मग एक कागद पुढे केला. त्यावर वाक्य होते, 'प्रस्तुत प्रकाश प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर परिणामकारक राहणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.' मी खाली सही केली.

अंगणाबाहेर मंजुळा नाळे उभी होती. माझी जुनी विद्यार्थिनी. प्रकल्पाच्या मध्यापासून दोन किलोमीटरवर तिचे दीड एकर शेवंतीचे रान. नवरा परजिल्ह्यात टँकर चालवतो, रान ती एकटी सांभाळते. घैसास मोटारीकडे गेल्यावर ती आत आली.

"गुर्जी, येवढंच सांगा. त्यो उजेड माझ्या रानात यायचा न्हाई न्हवं?"

"नाही गं. कुंपणाच्या आतच."

"तुमी हिशेब केला?"

"केला," मी म्हणालो.

केला नव्हता. वहीची स्तुती ऐकण्यात तो राहून गेला होता. मंजुळेने आपले मत दिले, तिच्यामागे माळ्यांची सारी आळी आली आणि तीन वर्षांची ना-हरकत मिळाली.

ज्येष्ठात तिने रोपे लावली. पावसाळ्यात ढगांमुळे आरशांचे काही चालले नाही. भाद्रपद सरताना आकाश निवळले, आणि आश्विनात, जेव्हा शेवंतीने कळ्यांनी वाकावे, तेव्हा सगळ्या आळीची रोपे नुसती हिरवीगार उभी राहिली. पाने टवटवीत, खोड जाड, उंची कमरेएवढी. कळी एक नाही. प्रकल्पाच्या कृषिसल्लागाराने रानात उभे राहून छायाचित्र काढून घेतले आणि जोमदार वाढीबद्दल शेतकऱ्यांचे अभिनंदन केले. गावाचे शहाणपण त्याहून फार वेगळे नव्हते. कोणी रोपवाटिकेला शिव्या दिल्या, कोणी खताला. दादासो खिलाऱ्यांनी ग्रामदेवतेला नारळ फोडला आणि कारण शोधण्याची जबाबदारी तिच्याकडे सोपवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंजुळा एक झाड मुळासकट उपटून घेऊन आली आणि तिने ते माझ्या ओट्यावर ठेवले.

"घ्या. उद्याला सोनं म्हणून हेच वाटा."

"बस तरी."

"बसाय आले न्हाई. गुर्जी, चावडीम्होरच्या खांबाखाली चार झाडं हायती शेवंतीची. दिव्याच्या उजेडातली कवाच फुलत न्हाईत, अंधारातली फुलत्यात. माझ्या आजीला ठावं हुतं. शेवंतीला रात मोठी लागती. रात ल्हान झाली की तिला वाटतं अजून उन्हाळाच हाय. ती निस्ती वाढत ऱ्हाती."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "झाडे दिवस मोजत नाहीत, अंधार मोजतात. अंधाराची लांबी ठरलेल्या मापापुढे गेली की कळीचा हुकूम सुटतो."

"मंग माझ्या रानातला अंदार खाल्ला कुणी? कुंपणाच्या आतल्या उजेडानं?"

मी झाडाच्या मुळांवरची माती झटकू लागलो.

"नवरा म्हणतो रान प्रकल्पाला भाड्यानं दे, एकोणतीस वर्सांच्या करारानं. मार्गशीर्षातल्या ग्रामसभेपातुर सांगायचंय. माझ्या जागी पॅनेल बसत्याल." तिने पदराने हाताची माती पुसली. "तुमी मला तिसरीत दोनदा फळ्याम्होरं उभं केलंवतं, पडताळा न करता उत्तर लिवलं म्हणून. ध्यानात हाय का?"

ती गेल्यावर मी वही काढली. जे काम दहा महिन्यांपूर्वी करायचे ते दहा मिनिटांत झाले.

सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याचे बिंब सुमारे बत्तीस कला रुंद आहे, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित मोठे. हा आकडा ग्रहणाचे गणित करणाऱ्या कोणालाही झोपेत सांगता यावा. बिंबाला रुंदी असल्यामुळे त्याच्या दोन काठांवरून येणारे किरण एकमेकांना समांतर नसतात. आरशावरून उलटल्यावरही ते तितकेच फाकत जातात, अंतराच्या सुमारे एकशेआठाव्या भागाइतके. आरसा कितीही सपाट करा, कितीही लहान करा, या फाकण्यातून सुटका नाही, कारण दोष आरशाचा नाहीच. ते सूर्याचे मोठेपण आहे. सहाशे किलोमीटर भागिले एकशेआठ. जमिनीवर पडणारा कवडसा साडेपाच किलोमीटर रुंद, आरसा तिरपा असताना त्याहून लांबट. प्रकल्पाचे कुंपण जेमतेम दीड किलोमीटर रुंद.

ही भागाकाराची ओळ लिहिल्यावर मला माझ्या हाताची किळस आली. मंत्राची मात्रा चुकली तर मुलांना पुन्हा म्हणायला लावणारा मी. ज्याला रोज अर्घ्य दिले त्याचे बिंब केवढे, हे एका शालीखाली विसरलो होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या कार्यालयात गेलो. घैसासांनी पाया पडण्याचा उत्साह या वेळी दाखवला नाही. वही पाहून ते म्हणाले, "शास्त्रीजी, आकडा अगदी बरोबर आहे. आमच्या अहवालाच्या परिशिष्टात हाच आहे."

"तुम्हाला ठाऊक होते?"

"प्रकाशशास्त्राचे पहिले पान आहे ते."

"मग कुंपणाबाहेर परिणाम नाही, हे वाक्य?"

"ते वाक्य आमचे नाही." त्यांनी सौजन्याने हसून कागद फिरवला. "खाली सही आपली आहे. आम्ही तज्ज्ञाचे मत म्हणून जोडले."

त्यांचा राग मला आला नाही. मधमाशीने पोळे बांधावे तसे तो माणूस स्वाभाविकपणे खोटे बांधत होता. तिरस्काराला लायक असा एकच गृहस्थ त्या खोलीत होता, आणि तो पाहुण्याच्या खुर्चीवर बसला होता.

तिथून मी थेट मंजुळेच्या रानात गेलो आणि हिशेब न केल्याचे तिला सांगितले. तिने वाफ्यातले एक झाड उपटून बांधावर टाकले. मग म्हणाली, "आता काय करता?"

"एका वाफ्याला रात्र करून देऊ."

बाजारातून जाड काळे कापड आणले. वाफ्यावर बांबूच्या कमानी रोवल्या. रोज संध्याकाळी साडेपाचला कापड ओढायचे, कडा मातीने दाबायच्या. सकाळी साडेसातला काढायचे. फट राहिली तर सारे वाया, कारण उजेडाचा अल्पसा तुकडाही झाडाच्या लेखी रात्र मोडतो. मंजुळेने कापडाचे एक टोक धरले, दुसरे माझ्या हाती दिले. ती एवढेच म्हणाली, "रोज यायचं. नागा न्हाई."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी संध्येची वेळ मी चिखलात गुडघे टेकून फुलांवर अंधार पांघरण्यात घालवू लागलो. गावाला करमणूक झाली. चावडीवरून हाक येई, "गुर्जी, निजवली का पोरं? अंगाई म्हणा की संस्कृतातली." सकाळी सूर्याला अर्घ्य देण्याआधी कापड काढावे लागे, इतक्या वर्षांच्या क्रमात पहिल्यांदा देव दुसरा झाला, आणि मला वाटते त्याला त्याचे काही वाटले नाही.

चोविसाव्या दिवशी मंजुळेने मला वाकायला लावले. शेंड्याला मुगाएवढी कळी होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

मार्गशीर्षातली खास ग्रामसभा शाळेच्या पटांगणात दुपारी भरली. विषय एकच, दुसरा टप्पा: पाऊण तासाचे दोन तास, दोन्ही बाजूंना, दहा वर्षांसाठी. घैसासांनी पडद्यावर हसऱ्या कुटुंबांची चित्रे दाखवली. नंतर म्हणाले, "शास्त्रीजींनी मागच्या वेळी जे मार्गदर्शन केले होते, तेच आजही..."

मी उठलो. खिशातून फुटक्या आरशाचा अंगठ्याच्या नखाएवढा तिकोनी तुकडा काढला आणि खिलाऱ्यांच्या हातात दिला. "दादासो, ऊन धरा. आधी या जवळच्या खांबावर टाका."

खांबावर लहानसा तिकोनी कवडसा पडला.

"आता तिकडे, पटांगणापलीकडच्या भिंतीवर."

कवडसा पटांगण ओलांडून शाळेच्या सावलीतल्या भिंतीवर गेला. तिथे तो तिकोनी नव्हता. पुरीसारखा वाटोळा होता आणि तुकड्याच्या कितीतरी पट मोठा.

"आयला," मागून कोणीतरी म्हणाले, "तिकोन्याचं गोल झालं."

"तो आकार आरशाचा नाही," मी म्हणालो. "ते सूर्याचे बिंब आहे. जितके दूर जाल तितके मोठे होईल. चाळीस पावलांवर एवढे झाले. सहाशे किलोमीटरवर साडेपाच किलोमीटरचे होते. त्यात हे गाव, ही शाळा आणि मंजुळेचे रान येते. कुंपण त्याला दिसत नाही. हा आरशाचा तुकडा तेव्हाही माझ्या घरात होता. मी पाहिले नाही. हिशेब केला असे तुम्हाला सांगितले, ते खोटे होते. त्या कागदावरची सही खोटी आहे."

खिलाऱ्यांनी हात खाली घेतला, भिंतीवरचा सूर्य नाहीसा झाला. पहिल्या रांगेतल्या एका माझ्याच विद्यार्थ्याने मान खाली घातली. माझ्याऐवजी त्याला लाज वाटली असावी.

मंजुळा दोन कुंड्या घेऊन पुढे आली. एकीत कमरेएवढे हिरवे झाड. दुसरीत गुडघ्याएवढे, पांढऱ्या फुलांनी भरलेले.

"एकाच दिशी लावलेली. ह्याला रात दिली, ह्याला न्हाई. हात लावून बघा."

लोक उठून पाहू लागले. घैसास थोडेही गडबडले नाहीत. त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला. "ताईंचे आणि शास्त्रीजींचे मनापासून आभार. यातूनच मार्ग निघाला आहे. प्रकल्पातर्फे प्रत्येक शेतकऱ्याला काळे कापड मोफत देण्यात येईल. कमानीसकट. योजनेचे नावही आत्ताच सुचते आहे, 'निशा'. शास्त्रीजी, कसे वाटते?"

आणि लोक खूश झाले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे म्हणून लिहितो. ज्यांच्या रानात एक कळी नव्हती ती माणसे कापड किती मीटर मिळेल, कुटुंबामागे की सातबाऱ्यामागे, हे विचारू लागली. खिलाऱ्यांनी यादी करायला वही मागवली. प्रजेची रात्र काढून घेऊन तिचे तुकडे वाटणारा राजा माझ्या वाचनात कोठे नाही. पण असता, तर त्याचाही जयजयकार झाला असता, इतकी आपल्या लोकांची मला ओळख आहे.

मंजुळेने ध्वनिक्षेपक मागितला नाही. ती घैसासांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात बोलली, तरी मागपर्यंत ऐकू गेले.

"सायेब, रात फुकटच हुती आमची."

घैसास टेबलावरच्या परिशिष्टाची पाने उलटू लागले.

ती सभेकडे वळली. "कापड घ्याचं तर घ्या. रोज सांजंला कोण ओढणार, ते बी लिवा त्या यादीत. दीड एकराला किती माणसं लागत्यात, गुर्जींना इचारा. एका वाफ्याला त्यांचं कंबरडं मोडलंय. आन् दोन तासांचा उजेड झाल्यावर निस्त्या शेवंतीवर भागायचं न्हाई, ज्वारीला बी रात मोठी लागती. मंग सगळ्या शिवारावर कापड ओढणार का?"

खिलाऱ्यांची वही उघडीच राहिली. हळूहळू बायकांच्या बाजूने हात वर झाले, ना-हरकत नाकारण्यासाठी. मग त्यांच्या नवऱ्यांचे, बहुधा घरी जाऊन जेवायचे होते म्हणून. दुसरा टप्पा एकोणीस मतांनी पडला. मंजुळेने भाडेकराराचा कोरा कागद पर्समधून काढून घैसासांच्या टेबलावर परत ठेवला.

पहिला टप्पा मात्र चालूच आहे. मी वकिलांना भेटलो, अर्ज केले, सही मागे घेतो असे लिहून दिले. उत्तर आले की तज्ज्ञाचे मत मागे घेता येते, पण त्यावर मिळालेली ना-हरकत तिची मुदत संपेपर्यंत वैध राहते. मुदत तीन वर्षांची आहे. त्यांतली दोन उरली आहेत. उजेड रोज येतो. घैसासांची बढती झाली आणि ते दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या तरी वह्या उलटीत आहेत.

मंजुळेने यंदा बाकीच्या रानात ज्वारी न लावता चवळी केली, आणि शेवंतीचे वाफे एकाचे चार केले. चार वाफ्यांवर कापड ओढायला मला तासभर लागतो. चावडीवरची थट्टा थांबली आहे. दोन म्हाताऱ्या बायका कडा दाबायला येतात, आणि येताना मला नावे ठेवतात, ते योग्यच आहे.

काल शेवटची कड दाबून उठलो तेव्हा पश्चिमेला ते चाळीस ठिपके वर आले. कापडाखाली रात्र होती, वर खोटा दिवस. मंजुळा कमानींच्या बाजूने वाकून पाहत चालली होती.

"गुर्जी, उद्याला पाच मिन्टं लवकर या," ती म्हणाली. "तिसऱ्या वाफ्याला दोन बोटं फट ऱ्हायलीया."

मी परत गुडघे टेकले.